शेवटच्या सीटवरची छत्री

सन्माननीय अध्यक्ष महोदय, हॉटेलमालक संघटनेच्या अध्यक्षा आणि आजच्या प्रमुख पाहुण्या, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांची ओळख करून देताना सूत्रसंचालकांना मध्येच पाणी प्यावं लागलं, समोर बसलेले आपल्या पर्यटन कार्यालयाचे आजी-माजी सहकारी, बसचे ड्रायव्हर, तिकीट खिडकीवरच्या मुली, आणि आजची उत्सवमूर्ती, म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. सगळ्यांना माझा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. ज्यांनी सांगितलं त्यांनी मला बसमध्ये माइकवर ऐकलेलं आहे, त्यामुळे दोन शब्दांवर त्यांचाही विश्वास नसावा.

माझ्या हातात ही पिवळी छत्री का आहे, असं पुढच्या रांगेत कुजबुज चालली आहे. बाहेर पाऊस नाही, ऊन नाही आणि आत तर एसी इतका आहे की मी शाल आणायला हवी होती. ही छत्री कार्यालयाची मालमत्ता आहे. धाकटीने काल ती स्टोअरमध्ये जमा केली, मी आज सकाळी ती परत मागून घेतली. स्टोअरच्या साहेबांनी सही मागितली. ज्या छत्रीची एक काडी कितीतरी वर्षं तुटलेली आहे, तिच्यासाठी सही. दिली. समारंभ संपला की छत्री परत करीन, काळजी नसावी.

आधी या सभागृहाबद्दल बोलते, कारण ते इथे कुणी बोलणार नाही. हे सभागृह समुद्राला लागून आहे. त्या डावीकडच्या भिंतीपलीकडे पाणी आहे. देशोदेशीचे लोक परिषदेला या शहरात का येतात? समुद्र आहे म्हणून. आणि आपण काय केलं? समुद्राकडच्या बाजूला अखंड भिंत घातली, कारण खिडकी ठेवली तर पडद्यावरची चित्रं नीट दिसत नाहीत. मग त्याच लोकांना जेवणानंतर बसमध्ये घालायचं आणि समुद्र दाखवायला न्यायचं. आम्हा दोघी बहिणींची सगळी नोकरी या भिंतीच्या जिवावर झाली, तेव्हा मी तिला नावं ठेवणं बरं नव्हे. तरी ठेवते.

आता आमचं काम काय होतं, ते नव्या मंडळींसाठी सांगते. परिषदेच्या पाहुण्यांची अर्ध्या दिवसाची सहल. घड्याळाचा मनोरा, जहाजांचं संग्रहालय, दीपगृह, मत्स्यालय, आणि शेवटी खरेदी, जिच्यासाठी ते खरे आलेले असतात. एका बसला दोन बाया. एक पुढे, एक मागे. पुढची माइक घेऊन बोलते. मागची शेवटच्या सीटवर बसते, उतरताना सगळ्यांच्या शेवटी उतरते, चढताना सगळ्यांच्या शेवटी मागच्या दाराने चढते. रेंगाळणारे, फोटो काढणारे, स्वच्छतागृह शोधणारे, नवऱ्याशी भांडून रुसून बसलेल्या, हे सगळे तिचे. सगळे चढले की ती छत्री वर करते. पुढच्या बाईने गर्दीच्या डोक्यांवरून पिवळा रंग बघायचा आणि ड्रायव्हरला म्हणायचं, "निघा." छत्री वर आल्याशिवाय निघायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. म्हणून तो पाळला जायचा.

पुढची मी. मागची ती. ड्रायव्हर मंडळी मला इंजिनबाई म्हणत आणि तिला गार्डबाई. माझ्या तोंडावर मला इंजिनबाई कुणी म्हणालं नाही, पण मला कान आहेत.

अध्यक्ष महोदय, आपण मघाशी भाषणात माझ्या बहिणीला "पडद्यामागच्या कलाकार" म्हणालात. आपल्या भाषणात व्यत्यय आणायला नको म्हणून तेव्हा गप्प बसले. आमच्या बसला पडदा नव्हता. होता तो ऊन येऊ नये म्हणून खिडक्यांना होता आणि तो धुवायला पाठवा असं सांगून माझा घसा बसला. ती पडद्यामागे नव्हती, ती शेवटच्या सीटवर होती. शेवटची सीट चाकाच्या वर असते. तिथे बसून तिची कंबर गेली. कलाकार म्हटल्याने ती परत येत नाही.

हे पुढे-मागे आमच्यात शाळेपासून आहे. आम्ही दोघी नन्सच्या शाळेतल्या. आठवड्यातून एकदा मुलींना ओळीने फिरायला नेत. मदर सुपीरियरने मला ओळीच्या तोंडाशी उभं केलं, कारण माझा आवाज मोठा होता, आणि धाकटीला शेवटी, कारण तिचं लक्ष असायचं. कुणाचा बूट सुटला, कुणाला रडू येतंय, कोण मिठाईच्या दुकानापाशी थांबलं. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. वळायची गरज नव्हती. मागे ती होती ना.

पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा लवकर गेला. मी लग्न केलंच नाही, त्याची कारणं आजचा विषय नाही, आणि समोर बसलेल्या दोघातिघांना ती माहीत आहेत. ती मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. एक फ्लॅट, दोन खोल्या, एक गॅलरी. त्या मुलीला आम्ही दोघींनी वाढवलं. अभ्यास मी घेतला, ताप तिने काढले. माझी भाची आज दूरच्या एका शहरात नर्स आहे. तिथे समुद्र नाही, नदीसुद्धा नावालाच आहे. तिला एक छोटी मुलगी आहे आणि नवरा आता तिथे राहत नाही. रात्रपाळी लागली की लेकराला शेजारणीकडे झोपवते.

हे सगळं मी का सांगतेय? कारण मला एक प्रश्न विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना तो प्रश्न माहीत आहे असं मला कळलं. उरलेल्यांनाही कळू दे. धाकटीने मला विचारलं आहे की, मी कायमची मुलीकडे जाऊ का.

सूत्रसंचालक, तुमची चिठ्ठी मिळाली. तिथेच ठेवा टेबलावर. वेळेचं भान मला आहे. मी घड्याळाच्या मनोऱ्यासमोर उभी राहून आयुष्य काढलं आहे.

मनोऱ्यावरून आठवलं. एकदा भूगर्भशास्त्रज्ञांची परिषद होती. मत्स्यालयातून सगळे बाहेर आले, बसमध्ये चढले, पण छत्री काही वर येईना. मी माइकवर म्हटलं, आपण थोडं थांबू, तोपर्यंत आपल्याला समोर दिसणाऱ्या मनोऱ्याचा इतिहास सांगते. सांगितला. छत्री नाही. मग मी मनोऱ्याला आग लावली. विझवली. छत्री नाही. मग एका राजाला वरून ढकललं. आता हे शास्त्रज्ञ, ते वहीत लिहून घेत होते! ड्रायव्हर मला हळूच म्हणतो, "बाई, आता युद्ध नका काढू, मला डिझेल भरायचंय." मी तिसरा राजा आणेपर्यंत मागून छत्री आली. नंतर मी तिच्यावर जे काही तोंड सोडलंय! तर म्हणते, "अगं, ते एक म्हातारे गृहस्थ कासवाच्या काचेपाशी बाकावर झोपले होते."

"मग उठवायचं!"

"त्यांची बायको नुकतीच गेली म्हणे. सकाळी मला सांगत होते, झोपच लागत नाही. म्हटलं, लागलीय तर झोपू दे."

"आणि बस?"

"बस कुठे जाते तुझ्या तोंडाशिवाय?"

ही तशी आहे. तुम्ही तिला शांत, सोशिक वगैरे म्हणालात. ती सोशिक नाही. ती हट्टी आहे. फक्त हट्ट करताना आवाज करत नाही.

तर मुद्द्यावर येते. मी निवृत्त झाले त्याला काही काळ झाला. माझ्या जागी आलेली मुलगी चांगली आहे. समोरच बसली आहे, लाजू नकोस. गेल्या महिन्यात नेत्रतज्ज्ञांची परिषद होती आणि ऐन सहलीच्या सकाळी या मुलीचा आवाज बसला. कार्यालयातून मला फोन आला, "मॅडम, एका दिवसापुरतं याल का?" मी म्हटलं, विचार करते. फोन ठेवायच्या आत साडीला इस्त्री सुरू केली होती. धाकटीला म्हटलं, "चल, तुझी शेवटची सहल माझ्याबरोबर." ती म्हणाली, "आज तरी मला दीपगृहापाशी जरा वेळ दे." मला वाटलं कंबर दुखत असेल.

दीपगृहापाशी ऊन फार होतं. एका डॉक्टरांची आई बरोबर आली होती, चांगली वयस्कर, तिला चक्कर आल्यासारखं झालं. धाकटीने तिला आपली छत्री दिली. आता मला सांगा, छत्री ही काय द्यायची गोष्ट आहे? गार्डाने आपला झेंडा कुणाला वारा घ्यायला दिला तर? पण दिली. त्याच वेळी तिला भाचीचा फोन आला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून ती दीपगृहाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. आणि इकडे त्या आजीबाई मागच्या दाराने बसमध्ये चढल्या, छत्री मिटता येईना म्हणून त्यांनी ती डोक्याच्या वर धरली आणि झटकली. मी पुढून डोक्यांवरून बघितलं. पिवळं दिसलं. म्हटलं, "निघा."

आम्ही निघालो. गार्डाचा डबा दीपगृहापाशी राहिला आणि इंजिन गेलं. अख्खी बस डोळ्यांच्या डॉक्टरांनी भरलेली, जगभरातून निवडून बोलावलेले, आणि त्यांतल्या एकालाही दिसलं नाही की शेवटच्या सीटवर कुणी नाही.

मलाही दिसलं नाही. मी बोलत होते. माझं बोलणं त्या दिवशी फार छान होत होतं, सगळे हसत होते. मत्स्यालयाच्या फाटकापाशी मी माइकवर विचारलं, "सगळे आले ना?" हा प्रश्न मी पाहुण्यांना विचारत नसे, तो तिला असायचा, आणि मागून तिचा "हो" यायचा. आला नाही. पुन्हा विचारलं. त्या आजीबाईंनी छत्री वर करून मला दाखवली आणि आनंदाने हात हलवला.

ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "बाई, गार्डबाई कुठायत?"

अशा वेळी माणसाला काय वाटतं? काळजात धस्स होतं असं म्हणतात. मला काही झालं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, आपला असून आपला वाटत नाही, बोटाने दाबून बघतो आपण, तसं. मी माइकवर म्हटलं, "आपण दीपगृह पुन्हा एकदा बघणार आहोत, या बाजूने उजेड जास्त चांगला असतो." नेत्रतज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या.

परत गेलो. ती कठड्यावर बसली होती. चपला काढून ठेवलेल्या, पाय मोकळे सोडलेले, दीपगृहाकडे मान वर करून बघत होती. बस थांबली तरी तिने मान खाली केली नाही. मी उतरले.

"मूर्ख आहेस का? फोन करायचा की नाही?"

"तू माइकवर होतीस. माइकवर असताना तू फोन घेत नाहीस."

"छत्री का दिलीस त्या बाईला?"

"ऊन लागत होतं त्यांना."

"तुला नाही लागलं?"

"लागलं," ती म्हणाली. "ताई, बस वळणावरून दिसेनाशी झाली ना, तेव्हा वाटलं आता घाबरायला होईल. नाही झालं. म्हटलं बसू. किती उंच आहे गं हे! वरच्या बाजूला हिरवी पट्टी आहे, बघ. मला माहीतच नव्हतं."

"मी प्रत्येक वेळी सांगते हिरव्या पट्टीचं."

"तू सांगतेस. मी लोकांच्या डोक्यांकडे बघत असते."

खरं सांगायचं तर हिरवी पट्टी मीही पाहिली नव्हती. मी बघणाऱ्यांकडे तोंड करून उभी असते आणि दीपगृह माझ्या पाठीमागे असतं. मी ते पाठ केलेलं होतं. आम्ही दोघींनी हजारो लोकांना हे शहर दाखवलं. मी त्यांची तोंडं बघितली, तिने त्यांच्या मानेच्या मागच्या बाजू बघितल्या. शहर मध्ये कुठेतरी राहिलं.

मग ती चपला घालत म्हणाली, "फोन आला होता. ती विचारतेय, आई, आता रिटायर होतेस, येतेस का. कायमची. म्हटलं ताईला विचारते."

मी म्हटलं, "आधी गाडीत बस. लोक खोळंबलेत."

हे माझं उत्तर. तेव्हापासून आजपर्यंत एवढंच.

पाहुणेबाई, आपण मघाशी म्हणालात, निवृत्ती म्हणजे नवी पहाट. आपल्या तोंडात साखर पडो. आमच्या घरी त्या दिवसापासून काय झालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी तिने कपाटावरची सुटकेस खाली काढली आणि पॅसेजमध्ये उघडी ठेवली. रिकामी. मी येता-जाता ती ओलांडते. पहिले काही दिवस पायाला लागायची, मग पाय आपोआप उचलला जायला लागला. मग मी इस्त्री केलेले कपडे तिच्यात ठेवायला लागले, जागा चांगली आहे. धाकटीने ते काढले नाहीत. आता आमचे दोघींचे टॉवेलही तिथेच असतात. संध्याकाळी गॅलरीत चहा घेतो. ती म्हणते, आज वारा आहे. मी म्हणते, आहे. कधी मी आधी म्हणते. फोन वाजला की ती आत जाऊन बोलते आणि बाहेर येऊन सांगत नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी सांगितलं ना, हट्टी आहे. छत्री वर आल्याशिवाय ती हलत नाही, हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. आणि मी गॅलरीत बसून रस्त्यावरच्या बसेस मोजल्यासारखं करते.

मग अध्यक्षांचा फोन. "मॅडम, आपल्या भगिनी आता लेकीकडे जाणार असं कळलं, तर निरोप समारंभात आपण बोलावं." कळलं? कुणाकडून कळलं? तर म्हणे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तिने उत्तर माझ्याकडे मागितलं आणि विषय गावभर केला. मी फोन ठेवला आणि तिला विचारलं, "काय गं, तू जातेयस असं तुझं ऑफिस सांगतंय?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ऑफिसला सांगितलं. ऑफिसचं ऐकत नाही मी."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर नाही जाणार."

"आणि ती छोटी?"

यावर तिने देठ मोडला आणि खाली ठेवला. बास. मला भांडण हवं होतं. भांडणात मी चांगली आहे, हे इथे कुणाला सांगायला नको. ती भांडत नाही. नुसती थांबून राहते. म्हातारा गृहस्थ कासवापाशी झोपला होता, तेव्हा त्याच्याजवळ थांबली होती, तशीच.

रागावलेय मी. कुणावर, विचाराल तर ठरत नाही. भाचीवर रागवावं, तर तिला मी पाढे शिकवलेत. तिच्या पळालेल्या नवऱ्यावर रागवून झालं, त्याला कळत नाही. म्हणून मी आपल्या कार्यालयावर रागावते, ते समोर बसलेलं आहे. अध्यक्ष महोदय, मला समजलं की माझ्या बहिणीच्या जागेवर नवीन कुणी भरणार नाही. पाहुण्यांच्या गळ्यात आता एक बिल्ला येणार, तो बसपासून लांब गेला की वाजणार. उत्तम. यंत्र नीट मोजेल, मला शंका नाही. यंत्र कुणाला उन्हात छत्री देणार नाही, त्यामुळे बस वेळेवर निघेल. आणि कासवापाशी कुणी झोपलं असेल तर बिल्ला त्याला उठवेल. सगळं आपल्या मनासारखं होईल. मी त्या बसने येणार नाही, पण मला कुणी बोलावलेलंही नाही.

आता भेट म्हणून तिला काचेचं जहाज दिलं आहे. सुंदर आहे. ते प्रवासात फुटेल, तेव्हा कुरिअरने पाठवायची व्यवस्था कार्यालयाने करावी अशी माझी सूचना आहे. पत्ता तिच्याकडून घ्या.

मागच्या रांगेत कुणी तरी "आँ?" म्हणालं. बरोबर ऐकलंत. पत्ता तिच्याकडून घ्या, म्हटलं.

आमच्या नन्स सांगायच्या, भाषण संपवताना हनुवटी वर, हात पाठीमागे, आणि रडायचं असेल तर आधी खाली उतरायचं. रडू येत नाहीये, त्यामुळे ती अडचण नाही. येईल कधीतरी. पॅसेज मोकळा झाला की त्या जागेवरूनही पाय उचलून चालेन मी, तेव्हा बहुतेक. तुम्ही कुणी बघायला नसाल ते बरं.

आयोजकांचे आभार मानते. ज्यांनी खुर्च्या लावल्या आणि ज्यांना त्या उचलायच्या आहेत त्यांचे आधी मानते. अध्यक्षांना, पाहुण्यांना, सूत्रसंचालकांना माझं बोलणं लागलं असेल, तर निम्मं माझ्या वयाच्या खात्यावर टाका आणि निम्मं समुद्राकडच्या भिंतीच्या. व्यासपीठाची मर्यादा जिथे ओलांडली असेल तिथे मला सांभाळून घ्या. सांभाळून घेणारं माझं माणूस आज निवृत्त झालं आहे.

धाकटे, मागे काय बघतेस? मागे कुणी नाही. आज मागे मी आहे. तू आयुष्यभर शेवटी चढलीस. आज तू पुढे बस, खिडकीची जागा घे आणि बाहेर बघ. डोकी मोजू नकोस. सुटकेसमधले टॉवेल मी सकाळीच काढून ठेवलेत. भाचीला सांग, रात्रपाळीच्या आधी आजी पोचते म्हणून. मी येईन छोटीच्या सुट्टीत. समुद्र नाही तर नाही, मी माझं तोंड घेऊन येईन, ते पुरेल.

ही बघ. तुटक्या काडीसकट वर केली आहे. सगळे चढले, कुणी राहिलं नाही.

निघ.